आम्ही रेल्वेनं आलोय!

आईबाबा पहिल्यांदाच परदेशात तुमच्याकडे राहायला आले की पहिला आठवडा एकदम झक्कास जातो. बॅगेतून बाकरवडी निघते, मेतकूट निघतं, नातवाच्या मापाचा (म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या मापाचा) स्वेटर निघतो. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही ऑफिसला जायला लागता, नातू शाळेत, जावई मीटिंगमध्ये. आणि तिसऱ्या आठवड्यात भांडी विसळता विसळता कुणीतरी हळूच विचारतं, ‘काय गं, तिकीट अलीकडचं करून मिळतं का?’

आमच्याकडे हे आईनं विचारलं. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये.

आम्ही राहतो विंटरथूरला. झ्युरिकपासून रेल्वेनं वीस-पंचवीस मिनिटांवरचं गाव. ऑफिस झ्युरिकमध्ये आणि भाडं परवडतं म्हणून घर इथे. ठाणे-व्हीटी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तर आईला विचारलं, करमत नाही का? गुडघे दुखतायत का? जावयाच्या घरी अवघडल्यासारखं होतंय का? तिनं सगळ्याला नाही म्हटलं. मग म्हणाली, ‘अगं, हे सकाळी नऊला चहा घेऊन जे बाहेर पडतात ते जेवायलाच येतात. जाऊन बसतात कुठं? तर स्टेशनवर! चाळीस वर्षं तेच केलं, आता इतक्या लांब येऊनही तेच. मग मला मिरजेचं घर काय वाईट?’

माझे बाबा रेल्वेत गार्ड होते. रेल्वेनं २०२२ मध्ये गार्डचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, पण बाबा त्याच्या खूप आधी रिटायर झाले. (‘आणखी थोडी कळ काढली असती तर मॅनेजर म्हणून रिटायर झाले असते,’ असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.) शिट्टी, हिरवा-लाल झेंडा, तो काळा लोखंडी पेटारा आणि चावीचं एचएमटीचं घड्याळ, एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार चालला. आमचा त्यानंतर. आमच्या सहली म्हणजे ‘बाबांना सुटी मिळाली की’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग. दुसरा अर्धा कधी आलाच नाही.

तेव्हा त्या शनिवारी मी ठरवलं, एक दिवस. पाच जण, एक डबा, धबधबा आणि जुनं गाव. आणि गाडी नाही घ्यायची, रेल्वेनंच जायचं. नवरा म्हणाला, ‘आईंचे गुडघे?’ म्हटलं, बघू.

लाल काटा

ऱ्हाइन फॉल तुम्ही फोटोत पाहिला असणारच. युरोप टूर करून आलेल्या प्रत्येक काका-काकूंच्या अल्बममध्ये तो असतो, जांभळ्या जॅकेटच्या मागे. टूरच्या बसेस तिथे पाऊण तास, फार तर तासभर थांबतात. धबधबा, फोटो, टॉयलेट, बस. पण विंटरथूरहून लोकल पकडली की साधारण अर्ध्या तासात ती तुम्हाला धबधब्याच्या अगदी दारात सोडते. स्टेशनचं नावच ‘श्लॉस लाउफेन अॅम राइनफॉल’. म्हणजे धबधब्याजवळचा लाउफेन किल्ला. एवढंसं स्टेशन आहे. एक टीप लक्षात ठेवा, गाडीत डाव्या हाताला बसा. झाडी संपते आणि पुढच्या क्षणी खिडकीत पांढरं काहीतरी हलायला लागतं.

पण त्याआधी विंटरथूरचा प्लॅटफॉर्म. बाबांनी आईला दंडाला धरून घड्याळाखाली उभं केलं. ‘हे बघ. हा लाल काटा बघ. आता बारावर आला की थांबतो.’ काटा बारावर आला आणि खरंच थांबला. दीडेक सेकंद. मग मिनिटाचा काटा टक्कन पुढे सरकला आणि लाल काटा परत निघाला. ‘पहिल्या दिवशी मला वाटलं बिघडलंय,’ बाबा म्हणाले. ‘तीन दिवस बघितलं. रोज थांबतो. प्रत्येक मिनिटाला थांबतो.’

हे मलाच माहीत नव्हतं! सहा वर्षं मी त्या घड्याळाखालून पळतेय. गाडीत बसल्यावर मोबाइलवर शोधलं. हान्स हिल्फिकर नावाच्या स्विस रेल्वेच्या इंजिनिअरनं १९४४ मध्ये हे घड्याळ डिझाइन केलं. लाल सेकंदकाटा आला तो १९५३ मध्ये. तो साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करतो आणि वर थांबून मध्यवर्ती घड्याळाच्या इशाऱ्याची वाट बघतो, म्हणून सगळ्या स्टेशनांवरचं मिनिट एकदमच बदलतं. आणि त्या काट्याच्या टोकाला ती लाल गोल टिकली का? तर गाडी सोडताना रेल्वेचा माणूस हातात जी थाळी धरून इशारा करायचा, तिचा तो आकार.

हे वाचून दाखवल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मागे वळून डब्याच्या टोकापर्यंत पाहिलं. ‘या गाडीला गार्ड नाही, ते माहितेय ना तुला? ड्रायव्हरच दारं लावतो.’ मी म्हटलं, हो बाबा. ‘काटा तेवढा ठेवलाय,’ ते म्हणाले.

तेवीस विरुद्ध तीनशे दहा

श्लॉस लाउफेनच्या बाजूनं धबधबा बघायला तिकीट आहे. पलीकडच्या नॉयहाउझनच्या काठावर नाही. तरी पहिल्यांदा जाणाऱ्यानं लाउफेनची बाजूच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत. पलीकडून तुम्ही धबधबा बघता. इकडून तो तुमच्या अंगावर येतो. २०१० पासून इथे काचेची लिफ्टही आहे, पण पाण्याला टेकलेल्या सगळ्यात खालच्या सज्जापर्यंत पायऱ्या उतराव्याच लागतात. आईनं पायऱ्या पाहिल्या, पदर खोचला (जीन्सवर कुर्ता घातलेल्या बाईनं पदर खोचायची ॲक्शन कशी करावी, ते तिच्याकडून शिकावं) आणि एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत, उतरायला लागली.

ऱ्हाइन फॉलची उंची आहे अवघी २३ मीटर. सात-आठ मजले म्हणा. रुंदी मात्र दीडशे मीटर. आल्प्समधला बर्फ वितळत असतो त्यामुळे उन्हाळ्यात इथून सेकंदाला सरासरी सहाशे घनमीटर, म्हणजे सहा लाख लिटर पाणी जातं. हिवाळ्यात ते निम्म्याहूनही कमी होतं. तेव्हा जायचं तर मे ते जुलै. त्या सज्जावर उभं राहिलं की आकडेबिकडे विसरायला होतात. पायाखालचा कठडा थरथरतो आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आमचे चिरंजीव तोंड उघडून नुसते ओरडत होते, आवाज शून्य.

बाबांनी मात्र वर आल्याबरोबर निकाल दिला. ‘हा काय धबधबा? हा तर बंधारा! आमचा दूधसागर तीनशे दहा मीटर. हा तेवीस.’

‘दूधसागर कुणी पाहिलाय?’ आई म्हणाली.

झालं. हा विषय आमच्या घरात निघतो तेव्हा सगळे दुसऱ्या खोलीत जातात, इथे दुसरी खोली नव्हती. बाबांचं पोस्टिंग काही वर्षं कॅसलरॉकला होतं, मीटरगेजच्या काळात. कॅसलरॉक ते कुळे हा घाट, सदतीस फुटाला एक फूट चढ, मालगाडीला मागून इंजिन लावून ढकलायचं आणि वाटेत, अगदी रुळाला लागून, दूधसागर. बाबांनी तो पावसात पाहिला, चांदण्यात पाहिला, ब्रेकव्हॅनमध्ये भिजत पाहिला. आम्ही मिरजेला. दर पावसाळ्यात ‘या वर्षी नेतो’ आणि दर दिवाळीत ‘पुढच्या वर्षी’. मी दहावीला गेले, घाटाचं ब्रॉडगेज झालं, बाबांची बदली झाली, राहिलं ते राहिलंच. आता तर तिथे उतरून रुळावरून चालत जायला रेल्वेची मनाई आहे. म्हणजे आईला रेल्वेनं जाऊन दूधसागर बघायचा तर चालत्या गाडीच्या खिडकीतून, अर्धा मिनिट.

‘तुम्ही तीनशे दहा पाहिला असाल,’ आई रुमालानं चेहरा पुसत म्हणाली. ‘मी तेवीस पाहिला. मला हाच मोठा.’

बाबा डबा उघडायला लागले.

पाऊण तासवाले

किल्ल्याच्या अंगणात बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात होतो, तेवढ्यात एक बस आली आणि अख्खं अंगण मराठीत बोलायला लागलं. ‘अडीच वाजता बसपाशी! अडीच म्हणजे अडीच!’ टूर मॅनेजर पोरगा ओरडत होता. चटणीच्या वासानं म्हणा किंवा आईच्या टिकलीमुळे म्हणा, दोन काकू थेट आमच्याकडेच. कुठलं गाव, मुलगी काय करते, इथे कोथिंबीर मिळते का, हे सगळं दीड मिनिटात आटोपलं. मग मुख्य प्रश्न आला, ‘तुम्ही कुठल्या टूरबरोबर?’

आईनं मान ताठ केली. ‘टूर नाही हो. आम्ही रेल्वेनं आलोय.’

‘रेल्वेनं? इथं? आणि जमतं सगळं?’

‘आमचे हे रेल्वेतच होते,’ आई म्हणाली. जणू स्विस रेल्वेतच होते. बाबांनी दशमीचा घास चावायचा थांबवला.

काकूंची वेळ संपली. जाताना एक काकू म्हणाल्या, ‘मजा आहे बाई तुमची, पुढं कुठं जायचं ते तुमचं तुम्ही ठरवणार.’ मी आईकडे पाहिलं. तिकीट अलीकडचं करण्याबद्दल ती काही बोलली नाही.

ऑल राइट

धबधब्याच्या जरा वर नदीवर रेल्वेचा दगडी पूल आहे. विंटरथूर-शाफहाउझन मार्ग १८५७ मध्ये सुरू झाला तेव्हापासूनचा. किल्ल्याच्या पोटातल्या बोगद्यातून गाडी बाहेर पडते ती थेट या पुलावर. पुलालाच चिकटून पायी जायची वाट आहे. आम्ही तिथून पलीकडे गेलो. मध्येच लोकल आली, हातभरावरून गेली आणि बाबांचा उजवा हात आपोआप वर गेला. ड्रायव्हरनं काय समजायचं ते समजला असेल.

नॉयहाउझनच्या काठाशी वर्थ नावाचा छोटा किल्ला आहे, तिथून होड्या सुटतात. काही होड्या धबधब्याच्या मधोमध उभ्या असलेल्या खडकावर तुम्हाला उतरवतात. तिथल्या पायऱ्या चांगल्याच उभ्या आहेत, गुडघेवाल्यांनी नाद करू नये. काही नुसत्या फेरी मारून आणतात. आम्ही फेरीची तिकिटं काढायला लागलो तर बाबा म्हणाले, ‘चारच काढ. हिला नको. ही बसेल बाकावर.’

‘मी जाणारे,’ आई म्हणाली.

‘अगं, हलते ती. पाय घसरला तर—’

‘तुम्ही बसा ना. पिशव्या सांभाळा.’

तिकिटं चारच निघाली, फक्त माणूस बदलला. नवऱ्यानं आईला हात देऊन होडीत बसवलं, चिरंजीव तिच्या मांडीत. बाबा धक्क्यावर राहिले. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्यात नातवाची हिरवी टोपी. होडी सुटली. मी मागे वळून पाहिलं. बाबा धक्क्याच्या अगदी टोकाशी येऊन उभे होते आणि त्यांनी हात पूर्ण वर करून ती हिरवी टोपी डावी-उजवी हलवायला सुरुवात केली होती. हळू, एका लयीत. गाडी सोडताना झेंडा हलवतात तशी.

आई बघत होती. ‘एवढी वर्षं दारात उभी राहून मी हेच बघत आले,’ ती म्हणाली. ‘जाताना कसं वाटतं ते आज कळलं.’

‘कसं वाटतं?’ मी विचारलं.

‘बरं वाटतं की!’ ती म्हणाली आणि खो-खो हसायला लागली. मग होडी फेसात शिरली आणि आम्ही सगळेच चिंब झालो, तिचं हसणं काही ऐकू आलं नाही, नुसतं दिसत होतं.

वळशाचं गाव

बहुतेक लोक इथून परत फिरतात. तुम्ही फिरू नका. काठावरून लिफ्टनं वर गेलं की नॉयहाउझन राइनफॉल हे स्टेशन (हे २०१५ चं, अगदी नवं) आणि तिथून चार-पाच मिनिटांवर शाफहाउझन.

हे गाव का आहे? या धबधब्यामुळे. पण आपल्याला वाटतं तसं नव्हे. पूर्वेकडून, बोडनसे सरोवरातून ऱ्हाइनमार्गे माल यायचा. मीठ तर प्रचंड. आणि धबधब्याच्या वर येऊन सगळ्या नावांना थांबावं लागायचं. पाणी पुढे जायचं, नाव कशी जाणार? मग मीठ उतरवा, गाड्यांवर चढवा, धबधब्याला वळसा घालून खाली न्या, पुन्हा नावेत भरा. उतरवणारे आले, तोलणारे आले, कोठारं आली, जकात आली. १०४५ मध्ये तर इथल्या काउंटला नाणी पाडायचा हक्क मिळाला होता. म्हणजे नदीनं अडवलं नसतं तर हे गाव उभंच राहिलं नसतं. जंक्शनच म्हणा ना. ‘मिरजेसारखं,’ बाबा म्हणाले. मिरजेलाही गेज बदलायचं म्हणून सगळा माल उतरायचा-चढायचा. गाव त्यांना तिथेच आवडलं.

गावाच्या मधल्या चौकाचं नावच तोलकाट्यावरून पडलंय: फ्रोनवागप्लाट्झ. तिथल्या मनोऱ्यावर १५६४ सालचं खगोलीय घड्याळ आहे. बाबांनी खिशातून एचएमटी काढून मिळवून पाहिलं. (चूक कुणाची निघाली, ते सांगत नाही.) घड्याळांचं आणि या गावाचं जुनं नातं आहे. एका अमेरिकन माणसानं १८६८ मध्ये इथे आयडब्ल्यूसी ही घड्याळ कंपनी काढली, तिची घड्याळं आज आपल्या वार्षिक पगारात येतात. म्हणजे पूर्ण वर्षाच्या, काहीही न खाता.

आईला मात्र आवडले सज्जे. जुन्या शाफहाउझनमध्ये घरांच्या दर्शनी भिंतीतून पुढे आलेल्या, नक्षीदार, बंद सज्जासारख्या खिडक्या आहेत, १७१. श्रीमंतीचा दिखावा, आणि घरात बसून रस्ता बघायची सोय. ‘हे बायकांसाठीच केलेलं असणार,’ आई म्हणाली. मग चालता चालता ती प्रत्येक सज्जाकडे बघून आत कुणी बसलंय का ते शोधत होती. ‘हाउस झुम रिटर’ या घराची अख्खी भिंत चित्रांनी भरलीय. टोबियास श्टिमर नावाच्या चित्रकारानं १५७० च्या आसपास रंगवली होती. आज दिसतात ती विसाव्या शतकात पुन्हा काढलेली, मूळ तुकडे म्युझियममध्ये.

स्टेशनच्या बाजूला आणखी एक गोष्ट कळली. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ होतं, तरी १ एप्रिल १९४४ ला अमेरिकन विमानांनी वाट चुकून, जर्मनी समजून, या गावावर बॉम्ब टाकले. ४० माणसं गेली. गाव ऱ्हाइनच्या जर्मनीकडच्या काठावर आहे, वरून काय कळणार? बाबांनी फक्त विचारलं, ‘स्टेशनवर ड्युटीला कोण असेल तेव्हा?’ त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

गावाच्या डोक्यावर मुनोट नावाचा गोल किल्ला आहे, १५६४ ते १५८९ या काळात बांधलेला. भोवती द्राक्षाचे मळे आणि खंदकात चक्क हरणं. नवरा आणि चिरंजीव चढून गेले. आम्ही तिघं खाली आइस्क्रीम खात बसलो. तिथल्या मनोऱ्यात आजही पहारेकरी राहतो आणि रोज रात्री नऊला हातानं दोर ओढून घंटा वाजवतो, पाच मिनिटं. पूर्वी वेशी बंद व्हायची ती खूण. अलीकडे हे काम एका बाईंनीही केलंय. ‘रोज?’ बाबांनी विचारलं. ‘दिवाळीलासुद्धा?’

मग अर्थातच आम्ही नऊ वाजेपर्यंत थांबलो. प्लॅनमध्ये नव्हतं. जूनमध्ये नऊला लख्ख उजेड असतो. चिरंजीव बाकावर झोपलेले, आई पाय सोडून बसलेली. बाबांनी एचएमटी तळहातावर धरलं. घंटा वाजायला लागली तशी बाजूच्या खिडकीतल्या एका आजींनी खिडकी ओढून घेतली, रोजच्यासारखी. पाच मिनिटं कुणी बोललं नाही.

येताना बाबांच्या हट्टानं आम्ही लांबच्या मार्गानं आलो. शाफहाउझनहून झ्युरिकला राफ्झमार्गे जाणारी लोकल मध्ये थोडा वेळ जर्मनीतून जाते; येश्टेटन आणि लॉटश्टेटन ही दोन स्टेशनं जर्मनीतली. पासपोर्ट नाही, काही नाही. ‘म्हणजे हिला दोन देश झाले एका दिवसात,’ बाबा म्हणाले. आई त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून घोरत होती.

सोमवारी ऑफिसमधून साडेपाचला घरी आले. दार बंद, बेल वाजवली तर आत कुणीच नाही. फोन केला, उचलला नाही. पोटात गोळा आला, मग एकदम सुचलं आणि तशीच उलटी स्टेशनकडे गेले. तीन नंबरच्या प्लॅटफॉर्मवर, घड्याळासमोरच्या बाकावर, मध्ये डबा ठेवून दोघं बसलेली.

‘थांब, थांब, बोलू नकोस,’ आईनं हात वर केला. ‘आता थांबतो बघ.’